पुढची तारीख कशावरून?

अमेरिकेत पगाराबाहेरच्या कमाईवरचा कर वर्षातून चार हप्त्यांत आगाऊ भरायचा असतो. तारखा ठरलेल्या आहेत: १५ एप्रिल, १५ जून, १५ सप्टेंबर आणि पुढच्या वर्षीची १५ जानेवारी. सगळे याला तिमाही कर म्हणतात. प्रत्यक्षात पहिल्या दोन तारखांत दोनच महिन्यांचं अंतर आहे आणि सप्टेंबरनंतर चार महिने निवांत. न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये राहणाऱ्या मामांनी भाचीला पहिला प्रश्न टाकला तो यावरूनच. "तुझी ती साधी यादी ना? त्यात 'दर तीन महिन्यांनी' असं लिहून हा कर बसवून दाखव. दंड मी तुझ्याकडे पाठवतो."

भाची फीनिक्सच्या एका हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स आहे. वेबपानं बनवायचा नाद तिला रात्रपाळीत लागला. थँक्सगिव्हिंगला मामा-मामींकडे आली, तळघरात उतरली आणि फर्नेसचा फिल्टर बघून तिने कपाळाला हात लावला. काळाकुट्ट झाला होता. शेवटचा कधी बदलला याची घरात दोन उत्तरं मिळाली आणि दोन्ही एकमेकांशी जुळेनात. तेव्हाच तिने ठरवलं: परत परत करावी लागणारी सगळी कामं एका वेबपानावर आणायची. फिल्टर, विरजण, स्मोक अलार्म, पुण्याच्या आजीला फोन. तीन रकाने पुरेत. काम कोणतं, किती दिवसांनी, शेवटचं कधी केलं.

मामांची सगळी नोकरी युनिक्सवर गेली. "अगं, हे सगळं लोकांनी करून ठेवलंय," ते म्हणाले. "इथून जवळच, मरे हिलच्या बेल लॅब्जमध्ये. १९७९ साली युनिक्सची सातवी आवृत्ती निघाली, त्यात क्रॉन होता. दर मिनिटाला उठायचं, तक्ता बघायचा, वेळ झालेलं काम सुरू करायचं आणि पुन्हा झोपायचं. तक्त्यात वेळेचे रकाने पाच: मिनिट, तास, तारीख, महिना, वार. जगातले अर्धे सर्व्हर आजही त्याच्यावर चालतात."

"मग परवाचं थँक्सगिव्हिंग सांग त्याला. नोव्हेंबरचा चौथा गुरुवार."

मामा प्रामाणिक माणूस. त्यांनी कबूल केलं की इथे क्रॉन अडतो. चौथा गुरुवार म्हणजे २२ ते २८ तारखेतला गुरुवार. पण तारीख आणि वार असे दोन्ही रकाने भरले, तर बहुतेक लिनक्स यंत्रांवरचा क्रॉन त्यांचा अर्थ 'आणि' असा न घेता 'किंवा' असा घेतो. मग २२ ते २८ रोज टर्की, वर नोव्हेंबरातले उरलेले गुरुवारही. रोजच्या वापरातल्या साधनांत असल्या खोडी असतात, आणि जुने लोक त्यांच्याशी जुळवून घेतात.

पण मामांच्या भात्यात दुसरा बाण होता. १९९८ साली लोटसचे फ्रँक डॉसन आणि मायक्रोसॉफ्टचे डेरिक स्टेनरसन यांनी आयकॅलेंडर नावाचं प्रमाण लिहिलं. २००९ साली ते सुधारून आलं. आज एका कंपनीच्या कॅलेंडरमधून पाठवलेलं आमंत्रण दुसऱ्या कंपनीच्या कॅलेंडरमध्ये नीट बसतं, ते या प्रमाणामुळे. पुन्हा पुन्हा येणाऱ्या गोष्टींसाठी त्यात एक छोटी भाषाच आहे: किती वारंवार, कोणते महिने, कोणता वार आणि कितवा. चौथा गुरुवार एका ओळीत बसतो. तिमाही करही बसतो: दरवर्षी, महिने १, ४, ६, ९, तारीख १५.

"आणि १५ तारखेला रविवार आला तर?" भाचीने विचारलं. २०२५ च्या जूनमध्ये तसं झालंच होतं. मुदत सोमवारी १६ तारखेवर गेली. २०२३ च्या एप्रिलमध्ये १५ ला शनिवार, सोमवारी राजधानी वॉशिंग्टनमध्ये गुलामीमुक्तीच्या दिवसाची सुट्टी, म्हणून साऱ्या देशाची मुदत १८ एप्रिल झाली. हे कोणतंही सूत्र स्वतःहून ओळखत नाही. तारीख हातानेच बदलावी लागते.

इथवर सामना बरोबरीत होता. भाची नंतर फिल्टरवर आली.

"मामा, फिल्टर दर तीन महिन्यांनी बदलायचा. १ सप्टेंबरला बदलायला हवा होता, तू बदललास १ नोव्हेंबरला. पुढचा कधी?"

"१ डिसेंबरला. नियम म्हणजे नियम."

"महिनाभर वापरलेला चांगला फिल्टर फेकून द्यायचा? मी म्हणते १ फेब्रुवारी. धूळ कॅलेंडर बघून बसत नाही."

या वादाचं मूळ इथे आहे, आणि वेबपान किती साधं असावं हा प्रश्न त्यापुढे गौण आहे. परत येणाऱ्या कामांच्या दोन जाती असतात. एक जात कॅलेंडरला बांधलेली: कर, गाडीचं इन्शुरन्स, कचऱ्याचा मंगळवार. उशीर झाला तरी पुढची तारीख जागची हलत नाही. दुसरी जात हाताला बांधलेली: फिल्टर, चादरी, विरजण. इथे पुढची तारीख शेवटचं काम झालं त्या दिवसापासून मोजायची. परवा लावलेलं दही आज संपलं तर आज विरजण. पाहुणे नसल्यामुळे चार दिवस पुरलं तर चौथ्या दिवशी. आयकॅलेंडरच्या नियमांच्या भाषेत 'काम झाल्यापासून तीन महिने' असं म्हणायची सोयच नाही. मामांनी चष्मा लावून प्रमाणाचा तो भाग पुन्हा वाचला आणि मान हलवली.

मग त्यांनी स्वतःच एक गोष्ट सांगितली, ज्याची भाचीला कल्पना नव्हती. क्रॉन हे चोवीस तास चालू असणाऱ्या यंत्रासाठी बनवलेलं. लॅपटॉप रात्री बंद असला तर रात्री दोनचं काम बुडतं, आणि क्रॉनला त्याचं काही वाटत नाही. म्हणून ॲनाक्रॉन आला. तो मिनिट-तास बघतच नाही. प्रत्येक काम शेवटचं कोणत्या दिवशी झालं एवढंच एका फायलीत लिहून ठेवतो, आणि ठरलेले दिवस उलटले असतील तर यंत्र सुरू झाल्यावर ते काम उरकतो.

"म्हणजे माझीच यादी!" भाची म्हणाली.

"तुझी यादी नाही. तुझ्या जन्माच्या सुमारास कुणीतरी केलेली," मामा म्हणाले. माघार घेतानाही शेवटचा शब्द आपला ठेवायची मामांची खोड घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

बाजारातल्या याद्यांनी हा भेद कधीच ओळखला आहे, फक्त तो इतका बारीक लिहिलेला असतो की वापरणाऱ्याच्या नजरेला पडत नाही. रिमेंबर द मिल्क या २००५ पासूनच्या यादीत एका शब्दाने कॅलेंडरवरून मोजतात, दुसऱ्या शब्दाने काम झाल्यापासून. टूडूइस्टमध्ये तर सगळा फरक एका उद्गारचिन्हाचा. कार्स्टन डॉमिनिक या खगोलशास्त्रज्ञाने सुरू केलेल्या ऑर्ग-मोडमध्ये तीन प्रकार आहेत: ठरल्या तारखेत एकदाच भर घाल, भर घालत घालत आजच्या पुढे ये, किंवा जुनी तारीख विसरून आजपासून मोज. तिसऱ्या प्रकाराची खूण म्हणजे एक टिंब आणि एक अधिकचिन्ह. भाचीने ठरवलं की तिच्या पानावर खुणा नकोत. प्रत्येक काम लिहिताना पान सरळ विचारेल: 'उशीर झाला तर पुढची तारीखही पुढे सरकवायची का?' मामींना उद्गारचिन्हाचा अर्थ शिकवत बसण्यापेक्षा हे बरं.

खरं तर वेबवर प्रोग्रामिंग शिकणाऱ्यासाठी कामांची यादी म्हणजे सारेगम. शिकागोच्या थर्टीसेव्हन सिग्नल्स कंपनीने २००५ साली टा-डा लिस्ट काढली, ती सहाशेहून कमी ओळींची होती, असं त्या काळी कौतुकाने सांगितलं जायचं. पुढे ॲडी ऑस्मानी यांनी टूडूएमव्हीसी हा प्रकल्प सुरू केला. वेगवेगळ्या फ्रेमवर्कमध्ये तीच एक यादी लिहायची आणि तुलना करायची. हजारो लोक त्यावर शिकले. त्या यादीत काम लिहिता येतं, खूण करता येते, पुसता येतं. तारीख मात्र नाही. तारीख आली की सारेगम संपतं.

ते कसं, ते त्याच रात्री स्वयंपाकघरातल्या टेबलावर दिसलं. भाचीने फिल्टरपुढे तारीख भरली ३० नोव्हेंबर २०२५. पान दाखवू लागलं २९ नोव्हेंबर. तिने पुन्हा भरली, पुन्हा २९. कारण असं की ब्राउझरला नुसती वर्ष-महिना-दिवस अशी तारीख दिली, तर जावास्क्रिप्ट ती जागतिक प्रमाणवेळेची मध्यरात्र समजते. ती मध्यरात्र होते तेव्हा एडिसनमध्ये आदल्या दिवशीचे संध्याकाळचे सात वाजलेले असतात. गंमत म्हणजे हेच पान पुण्यात उघडलं असतं तर तिथे ३० तारखेचे पहाटेचे साडेपाच झालेले, म्हणून तारीख बिनचूक दिसली असती. भारतात बसून अमेरिकेसाठी लिहिलेल्या कित्येक पानांत ही चूक तपासणीतून सुखरूप सुटून येते.

उपाय छोटा आहे. दिवस हा क्षण नव्हे, हे एकदा मान्य करायचं. तारीख मजकूर म्हणून साठवायची आणि वर्ष, महिना, दिवस वेगवेगळे देऊन गणित करायचं. त्यातही महिने शून्यापासून मोजले जातात, म्हणजे जानेवारी शून्य. ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली नेटस्केपमध्ये दहा दिवसांत जावास्क्रिप्टचा पहिला आराखडा उभा केला, तेव्हा तारखांचं काम जावा भाषेतून जसंच्या तसं उचललं गेलं. त्या घाईची किंमत लोक अजून मोजताहेत. ३१ जानेवारीत एक महिना मिळवला, तर जावास्क्रिप्ट लीप नसलेल्या वर्षी ३ मार्च देतं. आयकॅलेंडर फेब्रुवारी गाळूनच टाकतं. तिथे 'दर महिन्याची ३१' वर्षातून सातदाच येते. बँकेला विचाराल तर ती २८ फेब्रुवारी म्हणेल. तिघंही आपापल्या जागी बरोबर. टेम्पोरल नावाची नवी, शहाणी तारीख-व्यवस्था आता ब्राउझरमध्ये येऊ लागली आहे, फायरफॉक्समध्ये ती २०२५ साली आली. पण मामींचा टॅबलेट जुना आहे.

साठवण्याचाही एक फास होता. भाचीने आधी ब्राउझरच्याच पोटात यादी ठेवली होती. सर्व्हर नको, खर्च नको. "आणि माझ्या फोनवर?" मामांनी विचारलं. तिथे अर्थातच कोरी पाटी. शिवाय सफारीने २०२० पासून नियम केला आहे: ब्राउझर वापरला, पण एखाद्या साइटला सात दिवस हात लावला नाही, तर तिने साठवलेलं पुसायचं. पाळत ठेवणाऱ्या जाहिरातवाल्यांसाठी केलेला हा नियम, पण तीन महिन्यांनी फिल्टरची आठवण करणारी यादी आठव्या दिवशीच स्वतःला विसरायची. म्हणून मामांचा जुना लॅपटॉप तळघरात सर्व्हर झाला आणि त्यावर एसक्यूलाइटचे दोन तक्ते बसले. एकात कामं, दुसऱ्यात 'हे काम या दिवशी झालं' अशा नोंदी. पुढच्या तारखा कुठेही लिहून ठेवायच्या नाहीत, पान उघडलं की मोजायच्या, यावर दोघांचं प्रथमच एकमत झालं. भविष्य साठवलं की नियम बदलल्यावर शेकडो जुन्या ओळी पुसत बसावं लागतं.

आजीच्या फोनने पुन्हा पेच घातला. दर रविवारी पुण्याचे रात्रीचे आठ, ही आजीची वेळ. तेव्हा एडिसनमध्ये हिवाळ्यात सकाळचे साडेनऊ वाजतात, उन्हाळ्यात साडेदहा. अमेरिकेतली घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी एक तास पुढे आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे जातात. २००५ च्या ऊर्जा कायद्याने हे ठरवलं आणि २००७ पासून ते लागू झालं. ॲरिझोना मात्र, नवाहो नेशनचा भाग सोडला, तर घड्याळाला हात लावत नाही. त्यामुळे भाचीच्या फीनिक्समध्ये बारा महिने साडेसात. मार्चनंतर दरवर्षी मामा आपल्या साडेनऊला फोन लावायचे आणि आजी सात वाजता म्हणायची, "आज लवकर?" इथे मामांचा अनुभव कामी आला. वेळ ज्याची, त्याच्या गावाची लिहायची: कामासमोर आशिया-कोलकाता असा पट्टा टाकायचा आणि बाकीचं वेळपट्ट्यांच्या सार्वजनिक कोठारावर सोडायचं. आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी सुरू केलेलं हे कोठार स्वयंसेवक सांभाळतात आणि जवळजवळ प्रत्येक फोनमध्ये त्याची प्रत असते. साधेपणाचा हट्ट धरणाऱ्या भाचीने निमूट ऐकलं.

"तुमचं झालं असेल तर माझी संकष्टी लिहा," मामी म्हणाल्या.

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. चंद्र आणि सूर्य यांच्यात बारा अंशांचं अंतर वाढलं की एक तिथी सरते. त्याला कधी एकोणीस तास लागतात, कधी सव्वीस. संकष्टी धरायची ती चंद्रोदयाला चतुर्थी असेल त्या दिवशी, आणि एडिसनचा चंद्र पुण्यानंतर नऊ-दहा तासांनी उगवतो. तोवर चतुर्थी संपलेली असली, तर एडिसनची संकष्टी पुण्याच्या आदल्या दिवशी येते. फ्रिजवर लावलेलं भारतातून आणलेलं कालनिर्णय इथे उपयोगाचं नाही. ते भारताच्या आकाशाचं आहे. त्यात २०२६ साली १७ मेपासून १५ जूनपर्यंत अधिक ज्येष्ठ, म्हणजे त्या वर्षी एक संकष्टी जास्त.

मामांनी उत्साहाने सांगितलं की याचीही सोय आहे: २०१५ साली आयकॅलेंडरला जोड मिळाली, चिनी, हिब्रू, इथिओपियन कालगणनेने पुनरावृत्ती सांगता येते. भाचीने शोधून पाहिलं. भारतीय म्हणून जी कालगणना संगणकांना ठाऊक आहे, ती २२ मार्च १९५७ पासून सरकारने स्वीकारलेली राष्ट्रीय दिनदर्शिका. ती सौर आहे. तिथी तिच्यात नाहीच.

"एवढं कशाला?" मामी म्हणाल्या. "देवळात इथलं पंचांग मिळतं. वर्षाच्या तारखा मी वाचते, तू लिही."

अशी पानावर तिसरी जात आली: नियमच नसलेली, फक्त तारखांची यादी. मामांनी लगेच सांगितलं की प्रमाणात त्यालाही नाव आहे. करालाही शेवटी याच खणात टाकलं. शनिवार-रविवार आणि सुट्ट्या धरून चार तारखा, दर जानेवारीत हाताने भरायच्या. मात्र तुळस कुठल्याच खणात बसेना. ती अंगणातून घरात घ्यायची, पहिल्या दहिवराच्या आत. राष्ट्रीय हवामान सेवेचा अंदाज प्रोग्रामला फुकट वाचता येतो, तो जोडू, असं आता मामाच म्हणायला लागले. साध्या यादीची बाजू मांडणाऱ्या भाचीने साफ नकार दिला. मामींनी दोघांनाही झटकलं. दार उघडलं की गारठा कळतो.

दुसऱ्या दिवशी प्रश्न आला तो खुणेचा. मामांना वाटत होतं की न झालेलं काम लाल दिसावं आणि सलग किती दिवस काम चुकलं नाही याचा आकडा वर यावा. भाचीने हॉस्पिटलातला अनुभव सांगितला. अतुल गावंडे यांची शस्त्रक्रियेची १९ कलमी यादी ती रोज बघते. वडील यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावचे; मुलगा बॉस्टनमध्ये सर्जन झाला आणि जागतिक आरोग्य संघटनेसाठी त्याने ही यादी घडवली. जगभरातल्या आठ हॉस्पिटलांत ती वापरून पाहिली, तेव्हा मोठी गुंतागुंत होण्याचं प्रमाण ११ टक्क्यांवरून ७ वर आलं आणि मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ वर, २००९ च्या जानेवारीत हे आकडे छापून आले. पुढे कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात १०१ हॉस्पिटलांत तीच यादी लागू झाली. २०१४ साली पाहणी छापली गेली. मृत्यू ०.७१ वरून ०.६५, संख्याशास्त्राच्या दृष्टीने फरक नाही.

"यादी तीच, मामा. खुणा भराभर होतात. दट्ट्या लावला की माणूस काम न करताच खूण करतो. लाल रंग म्हणजे दट्ट्याच."

म्हणून तिने 'झालं' शेजारी 'या वेळी नको' असं दुसरं बटण दिलं. काम टाळलं तरी नोंद खरी राहते. मामांनी लाल रंगाचा आग्रह सोडला नाही. शेवटी स्मोक अलार्म आणि कर एवढी दोनच कामं लाल होतील, यावर तडजोड झाली. ती रास्त वाटते. सगळंच लाल असलेल्या पानाकडे तिसऱ्या दिवशी कोणी बघत नाही.

मग मामांनी सुचवलं की काम कोणी केलं त्याचंही नाव नोंदीत यावं. मामी हातातलं काम ठेवून टेबलाशी येऊन बसल्या.

ॲलिसन डॅमिंजर या समाजशास्त्रज्ञाने २०१९ साली अमेरिकेतल्या ३५ जोडप्यांशी बोलून एक निबंध लिहिला आहे. घरकामातला डोक्याचा भाग तिने चार टप्प्यांत मांडला: गरज आधी ओळखणं, पर्याय शोधणं, ठरवणं आणि झालं का ते बघणं. ठरवायच्या वेळी बहुतेक घरांत दोघं असतात. पहिला आणि शेवटचा टप्पा मात्र बहुधा बाईकडे असतो. मामींनी तो निबंध वाचलेला नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "फिल्टर बदलला त्याचं नाव लागणार. फिल्टर संपत आला, दुकानातून आणा, कोणत्या मापाचा आणा, हे ज्याने चारदा सांगितलं त्याचं?"

भाचीने नोंदींच्या तक्त्यात दोन रकाने वाढवले: कोणी केलं आणि कोणी आठवण ठेवली. मामा म्हणाले, प्रमाणातही हे आहे, ऑर्गनायझर वेगळा आणि अटेंडी वेगळा.

"मग त्या ऑर्गनायझरमध्ये माझं नाव आधीच भरून ठेव," मामी भाचीला म्हणाल्या, "आणि चूक वाटेल तिथे यांना खोडू दे."

मामांनी लॅपटॉप आपल्याकडे ओढला आणि कामांची यादी वरपासून वाचायला घेतली. सतरा कामांपैकी दोन नावं त्यांनी खोडली: कर आणि कचऱ्याचा मंगळवार. मंगळवारावर अजून वाद चालू आहे.